पाणी खयसून इला?

पहाटे साडेचारचा फोन चांगल्या बातमीचा नसतो. सप्टेंबर संपत आला होता, रात्रभर पाऊस आडवा झोडपत होता, आणि फोनवर खाडीकाठच्या कोळंबीच्या तलावाचे आबा. "चेडवा, पॅनल बंद पडला."

तलावातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो नेमका पहाटे. पाण्यात हवा खेळवणारे एरेटर थांबले की कोळंबी वर येऊन गटांगळ्या खायला लागते आणि पुढच्या काही तासांत अख्ख्या हंगामाचं गणित संपतं. मी कुडाळच्या एमआयडीसीतून तिथे पोहोचेपर्यंत आबांनी जनरेटरची वायर थेट दोन एरेटरना जोडून वेळ मारून नेली होती. (कशी जोडली होती ते इथे लिहीत नाही. कोणीतरी करून बघेल.)

एरेटर चालवणारं हे पॅनल मीच बनवलेलं. बॉक्स स्टेनलेसचा, ३०४ ग्रेडचा, आयपी ६५ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा). दार उघडलं तर तळाशी दोन बोटं पाणी आणि मोटर चालू-बंद करणाऱ्या खालच्या कॉन्टॅक्टरचे टर्मिनल हिरवे पडलेले. आबा बॅटरी धरून उभे. "इतक्या पैशाचो बॉक्स. पाणी खयसून इला गो?"

दाराची रबरी पट्टी चांगली होती. खालच्या ग्लँड, म्हणजे आत येणाऱ्या केबलीभोवती आवळायची बुचं, घट्ट होत्या. मग वर पाहिलं. मे महिन्यात एक जादा एरेटर बसवला, तेव्हा वायरमनने सोपं पडतं म्हणून बॉक्सच्या डोक्यावर भोक पाडून केबल आत सोडली होती, आणि भोवती सिलिकॉन फासलं होतं. उन्हाने ते सिलिकॉन सुटलं, आणि पाणी केबल धरून सरळ आत उतरलं. खालून बॉक्स इतका पक्का, की उतरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती.

आयपी ६५ मधला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून, मिनिटाला साडेबारा लिटर पाणी चहूबाजूंनी मारलं तरी आतल्या सामानाला अपाय होत नाही. पण ही चाचणी होते ती नव्या, न भोसकलेल्या बॉक्सवर, आणि गोड्या पाण्याने. खारा वारा, ऊन, गंज यांचा त्या दोन आकड्यांशी काही संबंध नाही. गिऱ्हाईक मला विचारतं, "पत्रा किती गेजचा?" केबल कुठून आत येणार, हे आजवर एकानेही आपणहून विचारलेलं नाही.

वरच्या भोकाचं खापर मी वायरमनवर फोडून मोकळी झाले असते. पण बांधाच्या दुसऱ्या टोकाला माझाच लहान बॉक्स होता, त्याला कोणी हात लावला नव्हता, आणि त्याच्याही दाराला आतून थेंब लटकत होते. हे पाणी श्वासाचं. दिवसा उन्हाने बॉक्स तापतो, आतली हवा फुगून फटीफटींतून बाहेर जाते. संध्याकाळी सर आली की बॉक्स झटकन गार होतो आणि बाहेरची दमट हवा आत ओढतो. रात्री तिचं पाणी होतं. रोज थोडं थोडं.

बाबा वर्कशॉप चालवायचे तेव्हा प्रत्येक बॉक्सच्या तळाला एक भोक पाडून आतून जाळी लावायचे. मी डिप्लोमा करून आले आणि पहिल्या आठवड्यात ते बंद केलं, कारण भोक पाडलं की आयपी गेलं. तेही खरंच आहे, आणि भोकातून मुंग्या येतात ते वेगळंच. आता मी तळाला ब्रीदर प्लग लावते. तो पाणी निथळू देतो, हवा आतबाहेर करू देतो आणि आकडाही राखतो. त्याचे पैसे लावले की गिऱ्हाईक कुरकुरतं. मी सोडत नाही.

फट राहिली की पाल येते. दोन फेजच्या मध्ये जळलेली पाल मी इतक्यांदा काढलीय की आता चिमटा पिशवीतच असतो. बोट जात नाही तिथे पालीचं पिल्लू जातं. आणि एका ग्लँडमधून दोन केबली घालणाऱ्यांना काय म्हणावं? गोल रबरातून दोन गोल केबली घातल्या की मध्ये फट राहणारच.

आबांच्या ३०४ वर पहिल्याच वर्षी तांबूस डाग उठले होते. खाडीवर ३१६ हवं, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते मिठाला जास्त टिकतं. पण त्या भावात आबांनी मला बांधावरूनच परत पाठवलं असतं. म्हणून या वेळी पॉलीकार्बोनेटचा घेतला, उन्हात टिकणाऱ्या प्रतीचा. एबीएस प्लास्टिकचा नाही, तो उघड्यावर पिवळा पडून तडकतो. प्लास्टिकच्या बॉक्समध्ये एक गोष्ट विसरायची नाही: धातूच्या ग्लँडना आर्थिंग बॉक्समधून मिळत नाही, त्याची वायर वेगळी ओढावी लागते. शिवाय बंद प्लास्टिकमधून उष्णता सहज निघत नाही, आणि घरगुती एमसीबीवरचा अँपिअरचा आकडा ३० अंश तापमानाला धरलेला असतो, म्हणजे तापलेल्या पेटीत ती लोड वाढलेला नसतानाही पडू शकते. म्हणून बॉक्स एक माप मोठा घेतला, आणि वर चार बोटं जागा सोडून पत्र्याचं उतरतं छप्पर ठोकलं. दाराची पाठ पावसाळी वाऱ्याकडे. सगळ्या केबली खालून, आणि ग्लँडपाशी येण्याआधी प्रत्येकीला खाली लोंबता झोल, म्हणजे पाणी तिथेच गळून पडेल. दोन जादा ग्लँड डमी प्लग लावून आधीच ठेवल्या, पुढच्या एरेटरसाठी.

पुढच्या जुलैत मुद्दाम धो धो पावसात गेले. दार उघडलं. आत कोरडं ठक्क. आणि एमसीबीच्या वर, आतल्या कडेला, विड्यांचं बंडल आणि काडेपेटी.

"आबा, हे काय?"

"हयच सुक्यो रवतत गो."

मी काढायला लावल्या. निघताना गाडीच्या आरशात पाहिलं, आबा पुन्हा पॅनलकडे चालले होते.