कुठल्या साली आलात?

पुण्याला गेले की एक प्रश्न ठरलेला. बाबांचे एखादे जुने मित्र चहाचा कप खाली ठेवून म्हणतात, "अगं, तुमच्या घरात क्युबन क्रांतीतल्या चे गव्हेराचा फोटो होता. आणि तू तिकडे मायामीत त्या क्युबातून पळून आलेल्या जमीनदारांच्या शेजारी राहतेस? जमतं कसं तुझं?" आता काका, तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाच नीट लिहिते.

फोटो होता, खरंय. १९८३ साली दिल्लीत अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत क्युबाचे नेते कॅस्ट्रोंनी इंदिराबाईंना मिठी मारली, ते छायाचित्रही बाबांनी पेपरातून कापून ठेवलं होतं. क्युबा म्हणजे आमच्याकडे साक्षरता, डॉक्टर आणि अमेरिकेला पुरून उरलेला माणूस. यातलं मी आजही काही खोडत नाही.

पण 'जमीनदार' कुठले, काका? इथे एक क्युबन दुसऱ्याला भेटला की पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, कुठल्या साली आलात? अख्खा माणूस त्या आकड्यात असतो. १९५९-६०, म्हणजे कॅस्ट्रोंच्या क्रांतीनंतर लगेच आलेला, तो बहुधा पैसेवाला, वकील, कारखानदार. तुमचे जमीनदार ते हेच. १९८० म्हणजे मारिएल बंदरातून बोटीनं आलेल्या सव्वा लाखांपैकी एक. त्यात कॅस्ट्रोंनी तुरुंगातले काही कैदी घुसवले आणि सुतार-शिंप्यांसकट सगळेच बदनाम झाले. आधी आलेल्या क्युबनांनीही त्यांना नाकं मुरडली, हे विशेष. १९९४ म्हणजे ट्रकच्या ट्यूब बांधून केलेल्या तराफ्यावरून.

माझ्या शेजारच्या आजींचं साल १९६१. वय नऊ. सोबत कुणी नाही.

त्या काळी हवानात एक अफवा पसरली होती, की सरकार मुलांवरचा आईबापांचा हक्कच काढून घेणार. कायद्याचा खोटा मसुदा हातोहात फिरत होता, आणि अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याच्या रेडिओनंही त्यात तेल ओतलं. पण कॅथलिक शाळा सरकारनं खरंच ताब्यात घेतल्या होत्या, त्यामुळे उरलेलंही लोकांना खरं वाटलं. मायामीतले पाद्री ब्रायन वॉल्श यांच्या खटपटीनं १९६० च्या डिसेंबरपासून १९६२ च्या ऑक्टोबरपर्यंत १४ हजारांहून जास्त मुलं एकेकटी अमेरिकेला आली. 'पेद्रो पान', म्हणजे पीटर पॅन, म्हणतात त्या मोहिमेला.

हवानाच्या विमानतळावर काचेची एक खोली होती. लोक तिला 'पेसेरा' म्हणत, म्हणजे मासे ठेवायची काचपेटी. मुलं आत, आईबाप बाहेर. "आईचे ओठ हलत होते," आजी सांगतात, "मला वाटलं स्वेटर घाल म्हणतेय. मी घातला. घामानं भिजले." आई खरं काय म्हणत होती, ते पुढे विचारायचं राहूनच गेलं.

आईबाप जिवंत असताना आजींची साडेचार वर्षं आयोवातल्या अनाथाश्रमात गेली. मध्येच क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी पेच उभा राहिला आणि विमानं बंद पडली. १९६५ च्या अखेरीस क्युबातल्या वारादेरोहून ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा एकट्या आलेल्या मुलांच्या आईबापांना आधी सोडत. आजींचे आईवडील १९६६ साली उतरले. मायामीच्या फ्रीडम टॉवरमध्ये, म्हणजे एका वर्तमानपत्राच्या जुन्या इमारतीत, निर्वासितांचं केंद्र होतं. तिथे कागद झाले, दुधाची भुकटी आणि डबाबंद मांस मिळालं. मुलगी समोर उभी, आणि तिच्या तोंडात स्पॅनिश येईना.

आमच्या गप्पा त्यांच्या स्वयंपाकघरात होतात. कॉफीचे पहिले चार थेंब साखरेवर टाकून त्या चमच्यानं घोटत राहतात, साखर फेसाळून फिकी पडेपर्यंत. मग ती कॉफी अंगठ्याएवढ्या कपात. राजकारणावर आमचं पटत नाही. चेचं नाव निघालं की त्या कप जरा जोरात ठेवतात. मी विषय बदलते, कधी नाहीही बदलत.

पण एक गोष्ट त्या न विचारता सांगतात. देश सोडताना घरातल्या सामानाची सरकारी यादी होई, आणि निघायच्या दिवशी पुन्हा मोजणी. एक वस्तू जरी कमी भरली तरी जाणं अडकेल, ही धास्ती. त्यांच्या आईकडे यादीत सहा पेले होते आणि आदल्या रात्री एक फुटला. मग समोरच्या बाईंकडून तसाच एक मागून आणला. त्या बाई गल्लीतल्या क्रांतिरक्षण समितीच्या प्रमुख, कोण देश सोडतोय यावर नजर ठेवणं हेच त्यांचं काम. पेला त्यांनी पुसून दिला, आणि मोजणी झाल्यावर परत न्यायला विसरल्या.