मग पोरीला दिली कुठे?

रविवारी जेवणं आटोपली होती, नाना आतल्या खोलीत आडवे झाले होते आणि टीव्हीवर ‘शाळा’ लागला होता. म्हणजे चॅनेल बदलता बदलता भावजींचं बोट तिथे थांबलं. ‘अरे, शाळा!’ एवढंच म्हणाले आणि मग हलले नाहीत. माझा नवरा कपाटाची निखळलेली बिजागरी बसवत होता. तोही स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन दारात उभा राहिला, तो उभाच. थोड्या वेळाने पाहिलं तर दोघे भाऊ सोफ्यावर शेजारी शेजारी आणि तोंडातून अवाक्षर नाही. शेवटी शिरोडकर, म्हणजे त्याला आवडणारी वर्गातली मुलगी, निघून गेल्याचं शाळकरी मुकुंद जोशीला कळतं, तेव्हा भावजींनी चष्मा काढून पुसला. नवऱ्याने घसा खाकरला. मग जाहिराती लागल्या आणि दोघांनाही एकदम चहा हवासा वाटला.

आम्ही दोघी जावा ओट्याशी. बाहेर सुरू झालं होतं. ‘आमच्या वर्गात एक होती रे...’ ‘कोण, ती दोन वेण्यांवाली?’ ‘छे, ती नंतर. ही सातवी ब.’ जाऊबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘मागच्या वेळी ती आठवी अ मध्ये होती.’

आम्हा दोघींना मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं म्हणा. जाऊबाई आलं किसता किसता ‘होता एक’ एवढंच म्हणाल्या, आणि दूध वर आलं म्हणून त्यांनी गॅस बारीक केला. पुढे मीही खोदून विचारलं नाही.

मला एक वाईट खोड आहे. सिनेमा रंगात आला की मी पडद्यावरून नजर काढून माणसांकडे बघते. थिएटरात म्हणूनच मला कडेची खुर्ची लागते. तिथून रांगच्या रांग तिरकी दिसते. मारामारीला सगळे चेहरे सारखेच दिसतात, विनोदाला दात दिसतात, पण शाळकरी प्रेमाचा सिनेमा असला की बघण्यासारखं असतं. पन्नाशीचा गृहस्थ नववीतल्या पोरासारखा पुढे सरकून बसतो. जोडीने आलेली माणसं नेमकी तेवढा वेळ एकमेकांकडे बघत नाहीत. हात धरून बसलेले असले तर हात सुटतो, कारण अचानक कुणाला तरी मोबाइलमध्ये किती वाजले ते बघायचं असतं. आणि मागच्या रांगेतून हमखास कुणीतरी म्हणतं, ‘आमच्या वेळी मुलीशी बोललं तरी मास्तर फोडून काढायचे.’ आवाजात तक्रार नसते, चक्क अभिमान असतो.

‘शाळा’ची गंमत अशी, की त्याला येणारे निम्मे लोक पुस्तक वाचून आलेले होते. मिलिंद बोकिलांची कादंबरी २००४ सालची, सुजय डहाकेंचा सिनेमा २०१२च्या जानेवारीत आला. मधल्या काळात जो तो आपापला सिनेमा मनात काढून मोकळा झाला होता. पुस्तकवाले थिएटरात लगेच ओळखू यायचे. पडद्यावर काहीही झालं की शेजारच्याच्या कानात ‘पुस्तकात हे असं नाही.’ माझ्या पुढच्या बाई तर मध्यंतरापर्यंत एका पोरावर नाराज होत्या. ‘सुऱ्या असा नाहीये, सुऱ्या असा नाहीये,’ असं त्या सुऱ्याच्या आईला माहीत असावं इतक्या खात्रीने सांगत होत्या. आणीबाणीचा काळ, ती अर्धवट बांधलेली इमारत, तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर ठेवलेली नजर, जितेंद्र जोशीचा नरूमामा, या सगळ्यावर बाहेर चर्चा झडली. शेवटाबद्दल मात्र कुणाचा वाद नव्हता. ‘शेवट लागला बुवा मनाला,’ असं सगळेच म्हणत होते.

लागतोच. पण कुणाच्या बाजूने लागतो? ती गोष्ट मुकुंदाची आहे, त्याच्या डोळ्यांना दिसते तेवढीच शिरोडकर आपल्याला दिसते. ती गेली म्हणजे त्याच्या वर्गातून गेली, त्याच्या वाटेवरून गेली. जिथे गेली तिथे तिला नवा वर्ग मिळाला असेल, नवा बाक मिळाला असेल, तिथलीही पोरं वळून बघत असतील. तिथे तिला कसं वाटलं असेल, असा विचार मी तरी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मीसुद्धा पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मुकुंदाच्याच बाकावर बसून वाचलं होतं. मुलगी असून.

आमच्या लहानपणी शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी सिनेमा असायचा. शेजारपाजारचे येऊन बसायचे. पडद्यावर तो आणि ती झाडाखाली उभे राहिले की बाबांना खोकला यायचा. आईला गॅस बंद केला की नाही याची शंका यायची. आम्हा मुलांना पाणी आणायला पिटाळलं जायचं. एकदा तर मी पाणी घेऊन येईपर्यंत लग्न होऊन मूलही झालं होतं. या सगळ्यात फक्त आजी ढिम्म बसून असायची. सुपारी कातरत ती शेवटपर्यंत बघायची, आणि नायक-नायिकेची ताटातूट होऊन सिनेमा संपला, की एकच प्रश्न विचारायची. ‘मग पोरीला दिली कुठे?’

आम्ही हसायचो. बाबा म्हणायचे, ‘अगं आई, संपला सिनेमा.’ आजी म्हणायची, ‘त्याचं दिसलं की. दाढी वाढवून हिंडतोय. तिला दिली कुठे, ते नाही सांगितलं.’ आजी स्वतः तेराव्या वर्षी लग्न होऊन आमच्या घरी आली होती. त्याआधी कुठल्या झाडाखाली कोण उभं होतं की नव्हतं, हे तिला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

‘फँड्री’ आला तो २०१४च्या १४ फेब्रुवारीला. तारीखच अशी, की बरेच जण जोडीजोडीने आले होते. शाळकरी जब्याचं शालूवरचं प्रेम, ती काळी चिमणी, हे सगळं गोड हसत बघणारे चेहरे मी कडेच्या खुर्चीतून पाहिले आहेत. मग डुकरं पकडायला अख्खं कुटुंब गावासमोर उतरतं, बघे हसायला लागतात आणि थिएटरातलंही हसू सुरुवातीला त्यांच्यात मिसळतं. मिसळतं आणि मग एकेक चेहरा गप्प होत जातो. शेवटचा दगड थेट आपल्याकडे येतो तेव्हा माझ्या पुढच्या माणसाने खरोखर मान खाली घातली. बाहेर मात्र पॉपकॉर्नच्या रांगेत कुणीतरी म्हणालंच, ‘आता जातपात एवढी राहिलेली नाही हं.’ त्यावर काय बोलायचं? मी माझी पर्स शोधत होते.

‘सैराट’ची गोष्टच निराळी. २०१६चा उन्हाळा. मी गेले त्या खेळाला गाणं लागल्यावर लोक खुर्च्यांतून उठून पडद्यापुढच्या जागेत नाचत होते, आणि नाचणाऱ्यांत बायका होत्या. साडीतल्या, ड्रेसमधल्या, एक तर लेकराला कडेवर घेऊन. आर्ची बुलेटवरून आली तेव्हा शिट्टी वाजली ती मुलींच्या रांगेतून. चांगली दोन बोटं तोंडात घालून मारलेली. मी चकित होऊन त्या रांगेकडेच बघत राहिले. पोरीच्या बाजूने पाहिलेलं पहिलं प्रेम मी पडद्यावर फार कमी पाहिलं होतं, पडद्यापुढे तर नव्हतंच पाहिलं. इथे बघायचं ती बघत होती, विहिरीवर ती येत होती, पुढे होऊन विचारायचं ते तीच विचारत होती. परशा आपला लाजत होता.

आणि शेवट. आवाज काढून घेतलेला शेवट. मघाशी नाचणारे तेच लोक खुर्च्यांना चिकटले होते. जिन्यावर कुणी बोललं नाही. पार्किंगमध्ये आल्यावर एक काका गाडीचं कुलूप काढत म्हणाले, ‘असं दाखवायची काय गरज होती? चांगला चालला होता.’ त्यांची बायको म्हणाली, ‘गाडी काढा.’

त्यानंतर जे झालं ते सिनेमाइतकंच माझ्या लक्षात राहिलंय. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, शाळेत शिकणारी मुलगी. लोकांनी तिच्यावर इतकं प्रेम केलं, तिला बघायला इतकी गर्दी लोटायला लागली, की तिला नेहमीसारखं शाळेत जाणं मुश्कील झालं. दहावीची परीक्षा तिने १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. २०१७ साली निकाल लागला तेव्हा तिला ६६ टक्के पडल्याची बातमी झाली. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपाशी त्यावर चर्चा. ‘एवढेच?’ इति तळमजल्यावरचे, ज्यांनी सिनेमा तीनदा पाहिला होता.

हे सगळं त्या दुपारी चहा गाळताना डोक्यात येत होतं. सोफ्यावर अजून सातवी ब चालू होती.

नाव सांगत नाही, पण आमच्या वर्गात माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. अक्षर मोत्यासारखं. कंपासपेटीच्या झाकणाला आतून तिने लक्ष्मीचं छोटं चित्र चिकटवलं होतं. नववीत सहामाहीच्या आधी कुणीतरी त्या पेटीत चिठ्ठी ठेवली. वहीचं अर्धं पान, चार घड्या, हिरवी शाई. तासाला बाईंना कर्कटक हवं होतं, त्यांनी जवळची पेटी म्हणून हिचीच उघडली. चिठ्ठी बाईंनी वाचली, मग मुख्याध्यापकांनी वाचली, दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी आणि मामाने वाचली. तिने स्वतः ती वाचलीच नाही. हे मी शपथेवर सांगू शकते, मी शेजारी होते. तिला शेवटपर्यंत कुणी दाखवली नाही.

लिहिणाऱ्याला हातावर छड्या बसल्या. दोन तास ऑफिसबाहेर अंगठे धरून उभं केलं. त्या आठवड्यातच तो मधल्या सुट्टीत पुन्हा क्रिकेट खेळत होता आणि पोरांत त्याचा भाव वाढला होता. ती परत आली नाही. मामाच्या गावी नेलंय असं कळलं, मग लग्न ठरल्याचं कळलं, मग काहीच कळलं नाही. सहामाहीला मी बाकावर ऐसपैस बसून पेपर लिहिला. माझ्या आईने त्या दिवसापासून माझी कंपासपेटी रोज रात्री उघडून बघायला सुरुवात केली, तेवढाच काय तो माझ्यावर परिणाम.

आता शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तोही त्यात आहे. स्वभावाने बरा माणूस, सगळ्यांच्या अडीनडीला धावतो. मागे असाच टीव्हीवर सिनेमा बघून त्याने रात्री बारा वाजता लांबलचक मजकूर टाकला. ते दिवस, ती हिरवी शाई, त्या छड्या, पहिलं प्रेम विसरता येत नाही, वगैरे. खाली बदामांची रांग. ‘भावा, रडवलंस.’ ‘खरंय, तू फार सोसलंस.’ कुणीतरी हातावरच्या वळांचाही उल्लेख केला.

सकाळी मी विचारलं, तिचा नंबर आहे का कुणाकडे? सध्या कुठे असते?

एकीने हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकाने डोळा मारला. मग कुणीतरी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात. नंबर कुणाकडे नव्हता. स्नेहसंमेलनाला बस करायची की आपापल्या गाड्या काढायच्या, यावर मात्र दुपारपर्यंत एकमत झालं.