पांढरी राहिलेली काडी

पुरावा गोळा करणं हे माझं काम नाही. तो ज्या पद्धतीने गोळा होतोय, ती पद्धत उद्या न्यायालयात टिकेल का, हे मी बघते. म्हणून अधूनमधून तपास पथकाबरोबर घटनास्थळी जाते.

त्या घरात मारहाण झाल्याचा संशय होता. फरशी धुऊन काढलेली, फक्त दोन लाद्यांच्या सांध्यात एक तपकिरी रेघ उरलेली. पथकातल्या मुलाने तिथे कापसाची काडी घासली, तिच्यावर आधी फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण टाकलं, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. रक्त असतं तर काही सेकंदांत गुलाबी रंग यायला हवा होता. काहीच आला नाही.

"रक्त नाहीये मॅडम. तसं लिहू?"

"कंट्रोल लावलंस का?"

कंट्रोल म्हणजे द्रावणं नीट काम करतायत का, हे आधी ओळखीच्या नमुन्यावर बघणं. निघायच्या घाईत ते राहून गेलं होतं. माहीत असलेल्या रक्ताचा वाळवलेला डाग किटमध्ये असतोच. त्याच्यावर तीच द्रावणं टाकायला सांगितली. तोही डाग गुलाबी होईना! पेरॉक्साइडची बाटली गाडीतच पडून असायची आणि ती कधी उघडली याची तारीखही लेबलवर नव्हती. उष्णतेने आणि उजेडाने पेरॉक्साइडचं पाणी होतं.

नवी बाटली उघडली. आधी ओळखीचा डाग तपासला: गुलाबी. मग कोरी काडी: पांढरी. त्यानंतरच पुन्हा सांध्याकडे वळलो, आणि काडी बघता बघता गुलाबी झाली. ही चाचणी फक्त प्राथमिक, काही वनस्पतींच्या रसानेही रंग येतो. पण नमुना प्रयोगशाळेत पाठवायला एवढं पुरेसं होतं.

सोबत एक न वापरलेली काडीही सील करायला लावली. "पण काड्या निर्जंतुक आहेत ना?" त्याचा प्रश्न रास्त होता. निर्जंतुक केल्याने जंतू मरतात, डीएनए मात्र राहू शकतो. जर्मनीत हाइलब्रॉनला २००७ साली एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे मिळालेला एका अज्ञात बाईचा डीएनए ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या गुन्ह्यांतही सापडला होता. पोलीस तिला शोधत राहिले आणि २००९ साली कळलं, तो डीएनए काड्यांच्या उत्पादनात काम करणाऱ्या एका महिलेचा होता.

परतल्यावर अहवालात पहिला, फसलेला निकालही जसाच्या तसा नोंदवला. आणि त्या जुन्या बाटलीच्या भरवशावर आधी कुठे कुठे 'रक्त नाही' लिहिलं गेलं, त्या प्रकरणांची यादी काढायला घेतली.