जिप्सी पेट्रोल पितेय? आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का बघा

जुनी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) मारुती जिप्सी पेट्रोल जास्त प्यायला लागली, प्लग काळे निघायला लागले, पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वर गेला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलं भाऊ." मला या वाक्याचा खरंच राग येतो, कारण जुन्या बाजारातून कुठलंतरी ईसीएम आणून लावायचं म्हणजे हजारो रुपये आणि गॅरंटी शून्य. ईसीएम बिचारं सेन्सर जे सांगतील त्यावर हिशोब करून इंजेक्टर उघडतं. त्याला काय सांगितलं जातंय ते आधी बघायला पाहिजे ना.

माझी गाडी जिप्सी किंग, १.३ लिटर, १६ व्हॉल्व्ह, २००० नंतर आलेलं ८० बीएचपीवालं एमपीएफआय इंजिन. लिटरला अकराच्या आसपास द्यायची ती आठवर आली, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, आयडलिंग थोडं चढलेलं, आणि डिपस्टिक काढून वास घेतला तर ऑइललाही पेट्रोलचा वास. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून काढतं आणि खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, मग बेअरिंग, रिंगा सगळ्यांचं आयुष्य कमी होतं. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो तो वेगळाच. त्यामुळे "चालतेय ना, चालू दे" असं म्हणून सोडण्यासारखी ही गोष्ट नाही.

मेस्त्रींनी आधी एअर फिल्टर बघितला. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते बरोबर आहे, फिल्टर चोंदला की मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. पण या इंजिनात हवा मोजायला एअर फ्लो मीटर नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे, त्याच्यावरून आणि आरपीएमवरून ईसीएम हवेचा अंदाज काढतं. फिल्टर चोंदला तर तिथला दाबच कमी होतो आणि पेट्रोलही त्या हिशोबाने कमी होतं, गाडी ओढत नाही एवढंच. उलट मॅप सेन्सरच्या रबरी नळीला चीर गेली की ईसीएमला वाटतं इंजिनवर भरपूर लोड आहे, आणि ते पेट्रोल वाढवत बसतं. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत ही नळी हाताने वाकवून बघायलाच पाहिजे. आमची चांगली निघाली. स्कॅनर जोडून इंजिन बंद, चावी ऑन ठेवून मॅपचं रीडिंग घेतलं तर ९३ किलोपास्कलच्या आसपास, साताऱ्याच्या उंचीला बरोबर. तेच महाबळेश्वरला घेतलं तर ८६ च्या जवळपास यायला पाहिजे, म्हणजे सेन्सर तपासायला घाट चढलं तरी पुरे.

मग पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली. आत पेट्रोलचा थेंब दिसला तर डायफ्राम फाटलाय, कच्चं पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये जातंय. कोरडी होती. इंजेक्टर गळत असतील तर गरम गाडी दहा मिनिटं बंद करून परत लावताना त्रास होतो, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की मग लागते. आमची एका सेल्फमध्ये लागत होती, म्हणून इंजेक्टरही बाजूला ठेवले.

ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन बघतो, व्होल्टेज जास्त म्हणजे मिक्श्चर रिच. त्याचा व्होल्टेज ०.८ च्या वर चिकटून बसलेला, हलेचना. मेस्त्री म्हणाले सेन्सर बदलू. मी म्हटलं थांबा, एक व्हॅक्यूम नळी सोडून बघा. नळी सोडल्या सोडल्या जादा हवा आत गेली आणि व्होल्टेज खाली आला, परत लावली परत वर गेला. म्हणजे सेन्सर जिवंत आहे, खरंच रिच चाललंय आणि तो तेच सांगतोय. हा सेन्सर लोक उगाच बदलतात राव.

राहिला कूलंट टेंपरेचर सेन्सर. हा थंडीत जास्त रेझिस्टन्स दाखवतो, गरम झाला की कमी. २० अंशाला साधारण अडीच हजार ओहम, ८० ला तीनशेच्या आसपास. कास रोडवर यवतेश्वरचा घाट चढून, परत उतरून आलो आणि कनेक्टर काढून मोजलं तर आठशेच्या जवळ! मेस्त्रींचा चेहरा खुलला, सापडला म्हणाले. नवीन सेन्सर मागवणारच होते, पण मी जुनाच काढून पातेल्यात पाणी गरम करून थर्मामीटरसोबत बुडवला. ८० ला बरोबर तीनशेच्या आसपास. आठशे म्हणजे पन्नास अंश. सेन्सर खरं बोलत होता, इंजिनच थंड होतं.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. त्याचं हाउसिंग उघडलं, आत काहीच नाही. आधीच्या मालकाकडे कधीतरी कुणीतरी काढून टाकलेला. आपल्याकडे ही पद्धतच पडलीय, गाडी तापली की थर्मोस्टॅट काढा, आणि मग टेंपरेचरचा काटा खालीच राहतो म्हणून सगळे खूश, "आपली गाडी तापतच नाही!" पण पाणी पूर्ण वेळ रेडिएटरमधून फिरतं, त्यात हिवाळ्यातली सकाळ आणि घाटाचा उतार असला की इंजिन तापतच नाही, आणि ईसीएम इंजिन अजून थंडच आहे असं धरून चोक ओढल्यासारखं जादा पेट्रोल देत राहतं. यात ईसीएमचा बिघाडाचा कोड पण येत नाही. जुन्या सुझुकीत चेक इंजिनची बत्ती लुकलुकवून कोड बघतात, तिथे १२ आला, म्हणजे सगळं नॉर्मल. बरोबरच आहे, पन्नास अंश हे काही अशक्य रीडिंग नाही, वायर तुटलेली नाही, मग ईसीएम तक्रार कशाची करणार?

८२ अंशांचा नवीन थर्मोस्टॅट बसवला, हवा बाहेर सोडणारा छोटा जिगल व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून, नाहीतर हवा अडकते. पुढच्याच घाटात काटा वर चढायला लागला. म्हणजे मूळ दुखणं रेडिएटरचं होतं, नळ्या गाळाने चोंदलेल्या, आणि ते झाकायला थर्मोस्टॅट काढला होता. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून गाळ काढणं) करून घेतलं, ताजं कूलंट भरलं, साधं पाणी नाही. आता काटा मध्याच्या थोडा खाली येऊन थांबतो, ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ मध्ये नाचतो, प्लग विटकरी रंगाचे निघतायत आणि अ‍ॅव्हरेज परत अकराच्या घरात आलाय. ऑइल आणि फिल्टर मात्र लगेच बदलले, त्या पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर कासच्या पुढच्या बामणोलीपर्यंतसुद्धा जायची माझी तयारी नव्हती.