आशियाई महिना: या वेळी चारच लेख, आणि एक जुना

मागच्या वेळी विकिपीडिया आशियाई महिन्यात, म्हणजे नोव्हेंबरात आशियाई देशांवर नवीन लेख लिहायच्या स्पर्धेत, मी एकोणीस लेख टाकले होते. या वेळी नोव्हेंबर संपत आलाय आणि हातात चार आहेत, त्यातला चौथा अजून धूळपाटीवरच (कच्चं लिहायच्या पानावर) पडलाय. दोघातिघांनी विचारलं की सोडलंस का, म्हणून हा लॉग.

सोडलं नाहीये. झालं असं की ऑक्टोबरात ते एकोणीस लेख परत उघडून बसलो आणि वाचता वाचता फार वाईट वाटलं. अकरा लेखांची सुरुवात सेम, "हे अमुक देशातील एक शहर आहे", मग लोकसंख्या, मग हवामान, आणि संपलं. वर्षभरात त्यांना बॉटशिवाय (आपोआप किरकोळ बदल करणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय) कोणी हात लावलेला नाही.

नियमात मात्र सगळे बसत होते. तीन हजार बाइट आणि तीनशे शब्द, एवढं झालं की लेख मोजला जातो. त्यात देवनागरीचं एक अक्षर किंवा मात्रा तीन बाइट खाते, म्हणजे नुसतं "विकिपीडिया" लिहिलं तरी तीस बाइट झाले, इंग्रजीत तेच नऊ. त्यामुळे आपल्याला बाइटची अट पावणेदोनशे-दोनशे शब्दांतच पार होते, खरी अट शब्दांची, आणि भाषांतराच्या टूलमधून तीनशे शब्द काढायला अर्धा तास पण लागत नाही.

सगळ्यात जास्त टोचला तो तोन्ले सापचा लेख. कंबोडियातलं हे सरोवर म्हणजे खरंच अद्भुत प्रकार आहे, पावसाळ्यात मेकाँग एवढी फुगते की सरोवरातून तिच्याकडे जाणारी नदी उलटी वाहायला लागते, पाणी सरोवरात घुसतं, आणि उन्हाळ्यात साधारण अडीच हजार चौरस किलोमीटर असलेलं सरोवर पंधरा हजारच्या आसपास जातं. काठचं जंगल काही महिने पाण्यात उभं असतं आणि मासे तिथेच वाढतात. आणि मी काय लिहिलं होतं? "पूरग्रस्त जंगल". टूलने दिलं, मी ठेवलं. पूरग्रस्त म्हटलं की आपल्याला मदतीचे ट्रक आठवतात, इथे तर पूर आला नाही तर संकट! वाचणाऱ्याला अर्थ बरोबर उलटा जातो. नदी उलटी वाहते हे तर लेखात नव्हतंच, कारण ते येईपर्यंत तीनशे शब्द झाले होते.

मग स्पर्धेचे पहिले नऊ दिवस त्या एका लेखावर गेले. जुना लेख, त्यामुळे स्पर्धेत मोजणार नाही हे माहीत होतं. वाक्यं नव्याने लिहिली, संदर्भ एकाचे सात झाले आणि ते उघडून वाचलेले आहेत, नोव्हेंबरच्या सुमाराला पाणी परत फिरतं तेव्हाच्या जलोत्सवाचा परिच्छेद घातला. नंतरचे तीन नवीन लेख तिथूनच निघाले, त्या लेखातले लाल दुवे (अजून न लिहिलेल्या लेखांच्या लिंक) होते ते.

आकड्याला नावं ठेवत नाहीये. मी स्वतः स्पर्धेमुळेच आलो, आकडा दिसतो म्हणून रोज बसायची सवय लागली, आणि नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सात संदर्भ मागितले तर तो पळून जाईल. पण ज्यांची दोन-तीन वर्षं झालीत त्यांना जुना लेख दुरुस्त केल्याचे पण गुण मिळायला हवेत असं मला मनापासून वाटतं, हे चावडीवर (विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर) मांडणार आहे.

तोन्ले सापमध्ये सध्या "पाण्यात उभं राहणारं जंगल" असं लिहिलंय. लांब आहे. कोकणात खाजणाच्या बाजूला राहणाऱ्या कोणाकडे याहून नेमका शब्द असेल तर लेखाच्या चर्चापानावर टाका, लगेच बदलतो.