सर्किट नसलेली नळी आणि तिचे उरलेले शौकीन

ज्यांना शौकीन मंडळी ‘मेक मॉड’ म्हणतात, ती यांत्रिक वेपिंग उपकरणे, म्हणजे सर्किट नसलेल्या ई-सिगारेटी, आजही लोकप्रिय आहेत का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की रोजच्या वापरातून ती जवळजवळ गेली आहेत, परंतु वस्तू घडवणाऱ्या आणि जमवणाऱ्या थोड्या लोकांनी ती सोडलेली नाहीत. मी स्वतः बिडी, सिगारेट किंवा वेप यांपैकी काहीही ओढत नाही. कुपवाड एमआयडीसीत माझे लेथचे लहानसे वर्कशॉप आहे आणि पंपांचे शाफ्ट, बुश, साखर कारखान्यांची हंगामापूर्वीची दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे. इंग्लंडमध्ये नोकरी करणारा माझा भाचा सिगारेट सोडताना वेपकडे वळला, तेथून या यांत्रिक नळ्यांच्या नादाला लागला आणि व्हिडिओ कॉलवर एकेक नळी उघडून दाखवू लागला. मला त्यातील वाफेत रस नव्हता, आट्यांत होता.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिची रचना सांगतो. तांब्याची, पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची एक पोकळ नळी, तिच्यात एक लिथियम-आयन सेल, बहुधा खालच्या टोकाला एक बटण आणि वर अ‍ॅटोमायझर, एवढेच तिचे भाग असतात. अ‍ॅटोमायझरमध्ये दोन खांबांना जोडलेली तारेची कॉइल असते, कॉइलमधून कापसाची वात ओवलेली असते आणि त्या वातीवर प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन व स्वाद यांचे मिश्रण थेंबाथेंबाने टाकले जाते. बटण दाबले की नळीच्या धातूतूनच वीज वाहते, कॉइल तापते आणि द्रवाची वाफ होते. मध्ये चिप नाही, पडदा नाही, फ्यूजही नाही. वर बसणाऱ्या जोडाचे आटे ७ मिलिमीटर व्यासाचे आणि अर्धा मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांत तेवढे अंतर असलेले, असतात, आणि हे माप जगभर जवळजवळ एकच असल्यामुळे एका देशात बनलेली नळी दुसऱ्या देशातील अ‍ॅटोमायझरशी जुळते.

हे सगळे का जन्माला आले, हे समजून घेतल्याशिवाय ते का मागे पडले हे कळत नाही. होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने २००३ मध्ये आजच्या ई-सिगारेटचे मूळ रूप तयार केले. त्यानंतर बाजारात आलेली सिगारेटच्या आकाराची उपकरणे अगदी दुबळी होती, त्यांची चिमुकली बॅटरी लवकर संपत असे आणि वाफही जेमतेम येत असे. तेव्हा काही हौशी लोकांनी टॉर्चच्या नळ्या कापून त्यांत मोठे सेल बसवायला सुरुवात केली आणि ज्यांच्याकडे लेथ होता त्यांनी नळ्याच नव्याने घडवल्या. कारखान्यातून येणारी वस्तू कमकुवत होती, म्हणून घरगुती वस्तूला मान मिळाला. फिलिपिन्समध्ये तर नळ्या बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपांची एक मोठी परंपराच उभी राहिली, ग्रीस आणि पोर्तुगालमधील कारागिरांच्या नळ्या नावाजल्या गेल्या आणि शेन्झेनमधून त्यांच्या स्वस्त नकला जगभर पोहोचल्या. साधारण २०१३ ते २०१६ हा या उपकरणांचा बहराचा काळ म्हणता येईल. कोण किती मोठा वाफेचा ढग सोडतो याच्या स्पर्धाही त्याच काळात भरत असत. मला विचाराल तर तो पोरखेळ होता, पण त्या पोरखेळापायी कॉइल वळण्याची कला बरीच पुढे गेली, हेही मान्य केले पाहिजे.

आता गणिताकडे वळू, कारण या उपकरणाची गोडी आणि धोका दोन्ही त्या गणितातच आहेत. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो. कॉइलचा रोध ०.२ ओहम असेल तर ओहमच्या नियमानुसार २१ अँपिअर प्रवाह वाहतो आणि सुमारे ८८ वॅट शक्ती मिळते. तोच सेल उतरत जाऊन ३.५ व्होल्टवर आला की शक्ती ६१ वॅटवर येते, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. चिप असलेले उपकरण सेल भरलेला असो वा उतरलेला, ठरवलेले वॅट शक्य तोवर कायम राखते. यांत्रिक नळीत मात्र पहिल्या दमाची वाफ दाट आणि शेवटची विरळ असते, आणि वाफ विरळ झाली की सेल बदलायचा हे वापरणाऱ्याने स्वतः ओळखायचे असते. भाच्याचे म्हणणे असे की यातच त्याची मजा आहे. मला ते पटायला वेळ लागला नाही, कारण लेथवरही टूल बोथट झाल्याचे मीटर सांगत नाही, आवाज सांगतो.

प्रत्यक्ष प्रवाह मात्र कागदावरच्या आकड्यापेक्षा थोडा कमी असतो, आणि येथे कारागिरीचा प्रश्न येतो. वाटेतील प्रत्येक जोड, प्रत्येक आटा आणि बटणाचा प्रत्येक स्पर्शबिंदू थोडाथोडा रोध वाढवतो. समजा या सगळ्यांचा मिळून रोध ओहमचा केवळ शंभरावा भाग असला, तरी २० अँपिअरला ०.२ व्होल्ट तेथेच खर्च होतात. म्हणून शौकीन तांब्याची नळी पसंत करतात. तांब्याची विद्युतवाहकता सामान्य पितळेच्या तीन ते चार पट असते आणि स्टेनलेस स्टील तर त्या दोहोंच्या फारच मागे आहे. परंतु तांबे कापणे सोपे नाही. पितळेचा बुरा तुटक पडतो आणि काम स्वच्छ होते, तर शुद्ध तांबे टूलला चिकटते, ओढले जाते आणि बारीक पिचचे आटे फाटतात. अर्ध्या मिलिमीटर पिचचा आतला आटा तांब्यात गुळगुळीत काढून दाखवणारा टर्नर, तो कोठलाही असो, कुशलच म्हणावा लागेल. शिवाय तांबे काळवंडते. मग ही मंडळी आटे आणि स्पर्शबिंदू पुसत, घासत बसतात, आणि आपल्याकडे देवघरातील तांब्याला चिंच लावण्याचा जो नेम असतो तसाच हा त्यांचा आठवड्याचा नेम होतो.

ही कारागिरी कायम असताना लोकप्रियता का ओसरली? माझ्या मते पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे चिप सुधारली. अमेरिकेतील इव्हॉल्व्ह या कंपनीने २०१४ मध्ये आणलेल्या डीएनए ४० या सर्किटने तापमान नियंत्रणही करून दाखवले. निकेलच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढतो, तो मोजून वात जळण्यापूर्वीच शक्ती कमी करायची, ही त्यामागची कल्पना. पुढे दोन सेलची, दीडशे-दोनशे वॅटची चिनी उपकरणे स्वस्तात मिळू लागली आणि त्यांत शॉर्ट झाल्यास वीज तोडणे, सेल उलटा बसल्यास सुरूच न होणे, सेल फार उतरल्यास थांबणे अशा सोयी मुळातच होत्या. दाट वाफेसाठी यांत्रिक नळीच हवी, हा युक्तिवाद तेथे संपला. त्यानंतर २०१५ मध्ये अमेरिकेत जूल ही द्रवाची छोटी डबी म्हणजे पॉड बसवायची ई-सिगारेट बाजारात आली आणि निकोटिन सॉल्टमुळे, म्हणजे घशाला कमी झोंबणाऱ्या निकोटिनमुळे, अगदी थोड्या वाफेतही सिगारेटइतकी तलफ भागू लागली. सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसाला कॉइल वळण्याची, कापूस ओवण्याची, ओहम मोजण्याची गरजच उरली नाही. नियमांचा भाग यापुढे येतो. युरोपात मे २०१६ पासून टाकी २ मिलिलिटरची आणि निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत असे बंधन आले, तर अमेरिकेत त्याच वर्षी ऑगस्टपासून ही सर्व उपकरणे तंबाखूजन्य उत्पादनांच्या नियमांखाली गेली. छोट्या वर्कशॉपांना असे कागदोपत्री ओझे पेलत नाही, हे एमआयडीसीतील कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

अपघातांचा वाटाही यात आहे. मे २०१८ मध्ये फ्लोरिडात ३८ वर्षांच्या एका माणसाचा अशाच सर्किट नसलेल्या उपकरणाच्या स्फोटात मृत्यू झाला. उपकरणाचा तुकडा डोक्यात शिरला होता. असे का घडू शकते, हे रचनेवरून स्पष्ट आहे. काही नळ्यांत सेलचे धन टोक थेट अ‍ॅटोमायझरच्या मधल्या पिनला टेकते. ती पिन पुरेशी बाहेर आलेली नसेल तर पिनभोवतीचा आट्याचा भाग, जो नळीशी म्हणजे ऋण टोकाशी जोडलेला असतो, तोच धन टोकाला टेकतो आणि बटण दाबताच थेट शॉर्ट होतो. सेलवरचे प्लास्टिकचे वेष्टण धन टोकाजवळ फाटले असेल तरीही शॉर्ट होऊ शकतो. अशा वेळी सेलमधील वायूला बाहेर पडायला नळीत छिद्रे नसतील, तर बंद टोकांची जाड धातूची नळी काय करील हे वेगळे सांगायला नको. वीस अँपिअरपर्यंतच प्रवाह झेपणारा सेल आणि ०.१ ओहमची कॉइल ही जोडी तर मी वेडेपणाच समजतो, कारण तेथे ४२ अँपिअरची मागणी होते. बटण दाबून राहिले तर थांबवणारे काही नाही. टॉलरन्स, म्हणजे मापातील सूट, कितीही अचूक असला तरी तो फ्यूजचे काम करीत नाही.

भारतात या प्रश्नाचे स्वरूपच निराळे आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला, ज्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड, अशी शिक्षा आहे. साठा ठेवू देणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मध्यंतरी वर्कशॉपवर एक तरुण आला, त्याने मोबाइलवर एका नळीचे ड्रॉइंग दाखवले आणि तांब्यात दोन नग करून देण्याचा भाव विचारला. सेलचे माप आणि वरचा सात मिलिमीटरचा आटा पाहताच मी ओळखले. त्याचा युक्तिवाद असा होता की, “काका, यात इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, नुसती नळी आहे, मग ती ई-सिगारेट कशी?” युक्तिवाद चतुर होता, पण कायद्याची व्याख्या नाव, आकार किंवा रूप काहीही असले तरी लागू होईल अशी केलेली आहे आणि बंदी सुट्या भागांनाही आहे. मी नकार दिला आणि कारणही सांगितले. त्यामुळे आपल्याकडील शौकिनांची गणती लोकप्रियतेच्या हिशेबात धरणेच योग्य नाही. सांगली-मिरजेत तंबाखू मळणारे आणि बिडी ओढणारे पदोपदी भेटतात, या नळीचा शौकीन मात्र मला तो एकच भेटला.

मग उरले कोण? भाच्याच्या ओळखीतील लोकांवरून आणि त्याच्या कपाटावरून मला जे दिसते ते असे की उरलेले लोक तीन प्रकारचे असले तरी बहुतेकदा ते एकाच माणसात असतात. एक संग्राहक, जो क्रमांक कोरलेली, मोजक्या नगांत निघालेली नळी शोधतो आणि तिच्यासाठी चिपवाल्या उपकरणाच्या कितीतरी पट किंमत मोजतो. दुसरा कॉइल वळणारा, जो दोन जाड तारांभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळून तासन्‌तास बसतो आणि जो, मला वाटते, मिरजेत जन्मला असता तर सतारीच्या तारा जुळवत बसला असता. तिसरा दुरुस्तीप्रिय, ज्याला स्वतःला न उघडता येणारी वस्तूच नको असते. या तिसऱ्याशी माझे पटते. चिप बिघडली की उपकरण कचऱ्यात जाते. नळीत बिघडण्यासारखे बटणाची स्प्रिंग, इन्सुलेटर आणि आटे एवढेच असते. नव्या नळ्या आता १८६५० या, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या, जुन्या सेलऐवजी २१ मिलिमीटर व्यासाच्या आणि ७० मिलिमीटर लांबीच्या सेलच्या मापातही निघतात, आणि नव्या मापाचे टूलिंग कोणी मागणी नसताना करीत नाही, हे मी व्यवसायाच्या अनुभवावरून सांगू शकतो.

मात्र भाच्याची स्वतःची पद्धतही बदलली आहे. कामावर जाताना त्याच्या खिशात साधे पॉड उपकरण असते आणि नळ्या सुट्टीच्या दिवशी कपाटातून निघतात. ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकण्याच्या वेपवर बंदी आणली, तेव्हा मी त्याला विचारले की आता लोक पुन्हा नळ्यांकडे वळतील का. तो हसून म्हणाला, “नाही मामा, ते सगळे भरता येणाऱ्या पॉडकडे जातील.” त्याला खरी चिंता वाटते ती १ ऑक्टोबर २०२६ पासून ठरवलेल्या करामुळे, जो दर १० मिलिलिटर द्रवामागे २.२० पौंड असणार आहे. पॉड वापरणाऱ्याला तो फारसा जाणवणार नाही, परंतु ८८ वॅटवर दाट वाफ काढणारा माणूस द्रव भराभर संपवतो, आणि १०० मिलिलिटरवर २२ पौंड कर म्हणजे चैन महाग झाली. म्हणून अलीकडे तो त्याच तांब्याच्या नळीवर १ ओहमची साधी, एकेरी तारेची कॉइल बसवून पाहतो आहे. त्यात ४.२ अँपिअरच प्रवाह वाहतो, शक्ती १८ वॅटच्याही खाली राहते, सेलवर ताण येत नाही आणि द्रव पुरवून वापरता येतो. जुने ढगवाले याला कदाचित नाके मुरडतील, पण सेलच्या मर्यादेत राहणारी ही नळी मला तिच्या बहराच्या काळातील कोणत्याही नळीपेक्षा अधिक शहाणपणाची वाटते.