चास्पोलादा : मी थांबले नाही तो चढ

सहा जानेवारीला आमच्याकडे जर्मनीत, बव्हेरियात सुट्टी असते आणि तिकडे इटलीतही असते, त्यामुळे त्या दिवसांत ब्रेनरच्या घाटात गाड्यांची ही रांग लागते, आणि त्या रांगेत आमचीही एक गाडी होती. मी, माझी मैत्रीण आणि सातारकर. त्याला आम्ही नावाने कधी हाक मारतच नाही. तिघंही पळणारे. आम्ही दोघी रोज सकाळी म्युनिकला इजार नदीच्या काठाने पळतो आणि सातारकर सुट्टी जुळवून हिल मॅरेथॉनला साताऱ्याला जातो, यवतेश्वरचा घाट त्याला तोंडपाठ आहे. बर्फात पळायची रेस असते हे त्यानेच शोधून काढलं आणि ग्रुपवर टाकलं, दहा मिनिटांत तिघांचं "चला" झालं.

रेसचं नाव चास्पोलादा. उत्तर इटलीत ट्रेंटिनोमध्ये वाल दी नॉन नावाचं खोरं आहे, तिथल्या फोंदो गावाची ही रेस, 1973 पासून चालत आलेली. चास्पोले म्हणजे स्नोशू, बुटाखाली बांधायच्या रुंद पट्ट्या, त्याने वजन पसरतं आणि पाय बर्फात रुतत नाही. पूर्वी गावातली माणसं लाकडाच्या चौकटीला दोऱ्या विणून घरीच करायची, आता प्लॅस्टिक नाहीतर अॅल्युमिनियम.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. बोल्झानोपर्यंत हायवे, मग मेंडोलाचा घाट, वळणावर वळण, मैत्रिणीला गाडी लागली, संध्याकाळी पोचलो, जेवलो, झोपलो.

सकाळी खिडकी उघडली तर बर्फच नाही. म्हणजे वर डोंगरांवर होता, पण खाली सफरचंदाच्या बागा करड्या, गवत पिवळं, आणि त्या सगळ्यातून पांढऱ्या पट्ट्यासारखी रेसची वाट, मशीनने केलेला बर्फ आणून अंथरलेला. हॉटेलच्या बाई म्हणाल्या की हल्ली बऱ्याच वर्षी असंच होतं, आमच्या लहानपणी दाराबाहेर फावडं मारल्याशिवाय बाहेर पडता यायचं नाही. मला खरंच वाईट वाटलं. जी रेस बर्फ आहे म्हणून सुरू झाली तिला आता बर्फ नेऊन घालावा लागतो, आणि तरी गाव ती सोडत नाही, पहाटेपासून फावडी घेऊन माणसं कडेचा बर्फ वाटेवर ओढत होती.

स्टार्टला तुफान गर्दी. पुढे खरे रेसर, छोट्या हलक्या स्नोशू घातलेले, आणि मागे आजी-आजोबा, पाठीवर पोरं घेतलेले बाप, शाळेचे ग्रुप. सुटल्या सुटल्या जो आवाज झाला तो मी कधी ऐकलेला नाही, हजारो प्लॅस्टिकच्या पट्ट्या एकदम कडक बर्फावर आपटतात, गच्चीवर गारा पडाव्यात तसं.

स्नोशूवर पळणं हे पळण्यासारखं नाहीच. टाच मोकळी असते, चवड्याखाली बिजागरी आणि तिच्या खाली लोखंडी दात. पाय जरा फाकवून टाकायचे, नाहीतर एका पायाची कड दुसऱ्या घोट्यावर बसते, माझ्या घोट्यावर दोनदा बसली. आणि प्रत्येक पावलाला मागची शेपटी बर्फ उचलून थेट पाठीवर फेकते, दहा मिनिटांत माझं जॅकेट मागून ओलं आणि मानेत गार थेंब. श्वास लागतो तो वेगळाच, मांड्या तर दुसऱ्या किलोमीटरलाच भरून आल्या. पण लय सापडली की इतकं छान वाटतं की काय सांगू, दोन्ही बाजूंना तारांवर बांधलेली सफरचंदाची उघडी झाडं आणि आपण मधल्या पांढऱ्या वाटेवर.

मग तो चढ आला.

सातारकर केव्हाच पुढे गेला होता. मैत्रीण माझ्या मागे होती, पाच-सात पावलांवर. मी सुटले होते, एकेक माणूस मागे पडत होता, आणि मला मागून तिची हाक आली, "अगं थांब, पट्टा निघाला." स्पष्ट ऐकू आली. गर्दी होती, आवाज होता, असं मी नंतर स्वतःला सांगून बघितलं पण नाही, मला शब्दन् शब्द ऐकू आला होता. मी मान पण वळवली नाही. मनात म्हटलं बांधेल ती, दोन मिनिटांचं काम आहे. आणि पळत राहिले.

मित्रांबरोबर रेसला जाणार असाल तर एकत्र पळायचं की आपापलं हे आधी ठरवा, असं मी इथे लिहिणार होते. पण ते काही खरं नाही. रोज सकाळी जिच्याबरोबर पळतो तिच्यासाठी थांबायचं हे काय ठरवावं लागतं का.

शेवटच्या रेषेपाशी गरम चहाचा ग्लास हातात घेऊन मी उभी राहिले. आधीच पोचलेला सातारकर जवळ आला, त्याने टाळी दिली, "ती कुठाय?" विचारलं. मी म्हटलं येतेय. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली, ओलं जॅकेट पाठीला चिकटून गार पडलं आणि मला म्युनिकमधलं ते भाड्याचं दुकान आठवायला लागलं. तीन जोड्या काउंटरवर ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीच्या रबरी पट्ट्याचे दात झिजलेले होते, बक्कल धरत नव्हतं. मी ती जोडी हातात घेऊन बघितली होती, आणि काही न बोलता खाली ठेवून दुसरी उचलली होती. उरली ती तिच्या वाट्याला आली. हे मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही, ती हे वाचेल तेव्हाच तिला कळेल.

चाळीस मिनिटांनी ती दिसली. दोन म्हाताऱ्या बायकांच्या मधून चालत होती, तिघी हसत होत्या. डाव्या स्नोशूला बुटाभोवती दोन फेरे मारून हिरवी रबरासारखी पोकळ नळी घट्ट बांधलेली. त्या आजींची स्वतःची बाग होती आणि सफरचंदाच्या फांद्या तारेला बांधायची ती नळी कोटाच्या खिशात तशीच राहिलेली. भाषेचा एक शब्द सामायिक नाही, तरी त्या बर्फात गुडघ्यावर बसून त्यांनी गाठ मारून दिली आणि मग शेवटपर्यंत तिला एकटं सोडलं नाही. ज्या वयाच्या बाईला आपण हात धरून जिना उतरवतो त्या वयाची बाई.

मैत्रीण मला काहीच बोलली नाही. "किती वेळ लागला तुला?" एवढंच विचारलं, आणि मी सांगितल्यावर "भारी गं" म्हणाली, मनापासून म्हणाली.

नंतर मंडपात तोर्तेल खाल्लं, कच्चा बटाटा किसून, थोडं पीठ-मीठ घालून तेलात तळलेलं, कडेने कुरकुरीत आणि आत मऊ, थेट आपलं उपासाचं बटाट्याचं थालीपीठ. सोबत चीज आणि कोबी. एरवी मी चार खाल्ली असती. मला एकही नीट गेलं नाही.

दुकानदाराने पट्टा तुटला म्हणून डिपॉझिटमधले पैसे कापले. मी म्हटलं मी देते, ती म्हणाली का, निम्मे निम्मे. ती हिरवी नळी मात्र तिने सोडवून घरी नेली, बाल्कनीतल्या टोमॅटोला बांधलीय.

मागच्या आठवड्यात सातारकरने पुन्हा रेसची लिंक टाकली. तिने मला वेगळा मेसेज केला, "जायचं का?" मी लिहिलं, "तू पुढे पळ, मी मागे आहे." तिने अजून उत्तर दिलेलं नाही, पण हॉटेल बुक केलंय, तिघांचं.